मधली वर्षं

प्रिय ठमे,

तुझे फोन येताहेत आणि मी उचलत नाही, म्हणजे आई फुगून बसलीय असं तू धरून चालली असशील. पहिल्या दिवसापुरतं ते खरं होतं. खाडीवरचं छोटं अणुवीज केंद्र बंद होणार, आपल्या डोक्यावरचं कोळशाचं धुरांडं आणखी काही वर्षं तसंच चालणार, आणि तिघांच्या समितीत एकाचं हो नि एकाचं नाही झाल्यावर ज्या सहीने निकाल लागला ती तुझी, हे मला तुझ्या तोंडून नाही, बातम्यांतून कळलं. शेजारची नर्स जेवण अर्धं टाकून धावत आली. बिचारीला कळेना की माझं अभिनंदन करावं की नुसतं जवळ बसावं. शेवटी तिने टीव्ही बंद केला आणि फडकं घेऊन माझ्या खिडकीवरची काजळी पुसायला लागली. मी तिच्यावर खेकसले. तिचा काय दोष, पण समोर तीच होती. खोटं कशाला बोलू, मला फार लागलं गं. पोटच्या पोरीने आपल्या घरावरचा हात काढून घेतला असं वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली, आणि या दोन्हींच्या कात्रीत फोन उचलायचं धाडस झालं नाही. म्हणून लिहितेय. लिहिताना तू मला मधेच तोडू शकत नाहीस, हा मोठाच फायदा. थांबून थांबून लिहितेय, त्यामुळे अक्षर जागोजागी बदललेलं दिसेल, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुला आठवतं ना, अणुवीज केंद्राला 'डबा' म्हणायला बाबांनीच सुरुवात केली. ना धूर, ना आवाज, खाडीच्या काठावर कुणीतरी विसरून गेल्यासारखी पांढरी चौकोनी इमारत. त्यांची बस त्या वळणावर आली की ते स्टिअरिंगवरूनच प्रवाशांना सांगायचे, त्या डब्यात वीज भरून ठेवलीय, झाकण तेवढं उघडू नका. हळूहळू गावभर तेच नाव झालं. आणि तुझी पहिली नोकरी त्याच डब्याच्या प्रयोगशाळेत लागली तेव्हा यांनी ती बातमी प्रत्येक थांब्यावर उतरवली. तुझं काम मला समजावून सांगायला तू किती धडपडलीस. आजूबाजूच्या घरांतून दूध घ्यायचं, गवत घ्यायचं, खाडीतले मासे घ्यायचे, हवा ओढून गोल कागदावर धरायची आणि त्या सगळ्यात किरणं किती ते मोजायचं. मी म्हटलं, घरोघर जाऊन वाटी-वाटी मागून आणायला एवढं शिकलीस होय. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मग बोललीस ते कामासाठीच. तुलनेला एक लांबची, डब्याचा वारा न पोचणारी स्वच्छ जागा हवी होती, आणि तुझ्या साहेबांना असं घर मिळत नव्हतं जिथे वीज कायम असेल आणि घरातली बाई यंत्राचा प्लग काढून इस्त्री लावणार नाही. तू आपलं अंगण सुचवलंस. साहेबांनी नकाशावर अंतर मोजलं, वाऱ्याची दिशा बघितली आणि मान डोलावली. अशा रीतीने धुरांड्याच्या बरोब्बर खालचं आपलं अंगण डब्याच्या अहवालात 'स्वच्छ ठिकाण' म्हणून गेलं.

दर आठवड्याला तो गोलकागदवाला यायचा. नवा पांढरा कागद घालायचा, जुना काढायचा. जुना काळाकुट्ट. पहिल्यांदा मला वाटलं यंत्र जळलं की काय. तो म्हणाला, वहिनी, हे काळं आमच्या कामाचं नाही, आम्ही फक्त किरणं बघतो. आणि किरणं बघितली तर डब्याच्या कुंपणापेक्षा आपल्याच अंगणात किंचित जास्त निघाली. कोळशाच्या राखेतही तसलं थोडंफार असतं, हे तू मला पुष्कळ नंतर सांगितलंस. तेव्हा मात्र तुमच्याकडे नुसता गोंधळ. यंत्र बदललं, कागद बदलले, त्या बापड्याचे हातमोजेसुद्धा बदलले. मान वर करून धुरांड्याकडे बघावं हे एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत कुणाला सुचलं नाही, कारण त्यांना नेमून दिलेली भीती वेगळी होती. काळेपणा लिहायला त्यांच्याकडे रकानाच नव्हता. किरणं मोजून झाली की कागद केरात. बाबांचा दम वाढला तेव्हा तूच पहिल्यांदा अडून बसलीस की यापुढे हे कागद टाकायचे नाहीत, माझ्याकडे द्यायचे. साहेबांशी तुझं वाजलं ते तिथूनच, आणि तू ती नोकरी सोडलीस तीही त्यावरूनच.

बाबा गेल्यापासून आपण दोघी त्यांच्या विनोदांबद्दल बोलतो, दुखण्याबद्दल नाही. आज बोलू दे. रोज सकाळी घरासमोर मुक्कामी असलेल्या बसच्या काचेवरची राख पुसताना ते म्हणायचे, वीज कंपनी गाडीला फुकट पावडर लावते आणि तुम्ही बायका उगीच पैसे घालवता. पुढे तीच काच पुसताना मधेच थांबायला लागले. मग बसच्या पायरीवर एक पाय ठेवून नुसते उभे राहायचे, कुणा उशिरा येणाऱ्या प्रवाशासाठी थांबल्यासारखे. मी खिडकीतून बघत असायचे आणि त्यांनी वर बघितलं की पडदा झटकायचे. शेवटी शेवटी पेला तोंडाशी नेला की आधी श्वास घ्यावा की आधी पाणी, हे त्यांना ठरवावं लागायचं. छातीच्या डॉक्टरांनी विचारलं, सिगारेट किती ओढता? उभ्या जन्मात त्या माणसाने सिगारेटला हात लावला नव्हता. म्हणाले, "मी नाही ओढत, धुरांडं ओढतं. मी आपला सोबतीला बसतो." डॉक्टर हसले, मीही हसले, आणि तू उठून बाहेर गेलीस. बऱ्याच वेळाने परत आलीस तेव्हा तोंड धुतलेलं होतं आणि ओठ घट्ट मिटलेले. मला तेव्हाच कळलं, ही पोर आता हे सोडायची नाही.

पण तुझ्या नशिबी दुसरं घरही असंच निघालं. लग्न केलंस ते डब्याच्या कुंपणाला लागून असलेल्या वस्तीतल्या मुलाशी. जावईबापू होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात म्हणून मी आधी नाक मुरडलं होतं, ते तू विसरली नसशील. आता माझं शिवणयंत्र मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. विहीणबाई मात्र पहिल्या भेटीतच आवडल्या, कारण माझ्याइतकीच फटकळ बाई मला प्रथमच भेटत होती. त्यांनी मला धक्क्यावर नेलं. डबा खाडीचं पाणी आत ओढतो तिथली लोखंडी जाळी दाखवली. जाळीला चिकटलेली माशांची पिल्लं, बोटाच्या पेराएवढी, बादल्या भरभरून काढून टाकतात. पलीकडच्या तोंडाने पाणी बाहेर येतं ते कोमट. त्यात हात घालून त्या म्हणाल्या, माणसाला पाय शेकायला बरं आहे, मासळीला पाय कुठले. मासळी खाडी सोडून खोल पाण्यात गेली, तिच्या मागोमाग त्यांचे दीर गेले, आणि एका वादळात होडीच तेवढी सापडली. मग त्यांनी कुंपणापलीकडची सिमेंटची जाड पिंपं दाखवली. वापरून झालेलं इंधन त्यात. ठेवून घ्यायला जगात कुणी तयार नाही म्हणून तिथेच उभी. मागच्या पुरात पाणी त्यांच्या ओट्याला लागलं होतं. वीज आपण वापरून मोकळे होणार आणि ही राखण नातवंडांच्या नातवंडांनी करायची, असं त्या म्हणाल्या. खरं तर माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी एकच बघत होते, या बाईच्या दोरीवरचे कपडे किती पांढरे आहेत.

सुनावणीला नगरपालिकेच्या सभागृहात आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. तू समोर, समितीतली हवा-पाण्याची जाणकार म्हणून, आमच्याकडे न बघण्याचा आटापिटा करत. तू भिंतीवर दोन गोल कागद लावलेस, एक डब्याजवळचा पांढरा, एक आपल्या अंगणातला काळाकुट्ट. सगळं सभागृह माना लांबवून बघायला लागलं. मला वाटलं झालं, जिंकलो. पण तू तिथे थांबतेस कसली. जाळीतल्या पिल्लांचे फोटो लावलेस. पुराच्या पाण्याची रेघ दाखवलीस. डब्याच्या पोटातलं इंधनाचं भांडं इतक्या वर्षांत कसं थकलंय ते सांगितलंस. जिथून त्याचं इंधन खणून येतं त्या लांबच्या खाणीजवळची माणसं दाखवलीस, ज्यांना कुणी कधी सुनावणीला बोलवत नाही. प्रत्येक वेळी मी मनात म्हणत होते, अगं बाई, पुरे कर, त्या काळ्या कागदापाशी थांब. मग विहीणबाई उठल्या. एरवी धक्क्यावर आवाजाने पाणी हलवणारी बाई, पण तिथे आवाज कापत होता. डबा बंद करा म्हणाल्या आणि खाली बसल्या. बसल्यावर माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या अंगणाविरुद्ध नाही हो बोलले मी. माझ्या खाडीसाठी बोलले." मी हात सोडवून घेतला नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मात्र मी उठले नाही, मानेनेच नको म्हटलं. नवरा असा गेलेली बाई गप्प कशी, याचं लोकांना नवल वाटलं. तुलाही वाटलं असेल.

तुमचा अहवाल मी सगळा वाचला. नर्सने मोठ्या अक्षरांत छापून आणून दिला. मी चुका काढायलाच बसले होते. तू लिहिलंयस की डबा आणखी चालवला तर धुरांडं लगेच थांबवता येईल आणि आपल्या बाजूची हवा सुटेल, हा फायदा मोठा आहे आणि खरा आहे. पण भांडं थकलेलं, किनारा खचणारा, पिंपं वाढतच जाणार, आणि एकदा काही झालं की ती खाडी पुन्हा मिळायची नाही. डोंगरावर होऊ घातलेल्या पवनचक्क्या उभ्या राहिल्या की धुरांडंही जाणारच आहे. तोवरच्या काळाला तुम्ही 'मधली वर्षं' म्हटलंय. त्या वर्षांत धुरांड्याला गाळण्या बसवा, लोकांच्या छात्या फुकट तपासा, अशा अटीही घातल्यात. आणि एवढं सगळं करूनही त्या मधल्या वर्षांत आपल्या बाजूची किती माणसं जास्तीची जातील, तो अंदाजसुद्धा छापलाय. बाकीचे दोघे तो आकडा वगळा म्हणत होते, तूच ऐकलं नाहीस, असं जावईबापूंकडून कळलं. शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि मला एकही खोटं वाक्य सापडलं नाही. तेच जास्त लागलं. एखादं सापडलं असतं तर तुझ्याशी कडाकडा भांडता तरी आलं असतं.

काल गोलकागदवाला यंत्र काढून न्यायला आला होता. डबाच बंद होणार, तर त्याच्याशी तुलना कशाची करायची, त्यामुळे आता आपल्या अंगणातली हवा कुणीच मोजणार नाही. त्याने स्टँड ठेवून जाऊ का विचारलं, कपडे वाळत घालायला होईल म्हणाला. मी म्हटलं, कपडे बाहेर वाळत घालणं मी कधीच सोडलं. चहा घेतला, बराच वेळ उगाच बसला आणि तुझी चौकशी करून गेला. त्या यंत्राची घरघर गेली तर घर ओळखीचं वाटेना. तेव्हा बसल्या बसल्या मला तुझं संत्री वाटणं आठवलं. मावशीची मुलं आली की फोडी वाटायचं काम तू कुणाला करू द्यायची नाहीस. मोठमोठ्या फोडी पाहुण्यांना, मग शेजारच्यांना, आणि उरलेल्या चेमटलेल्या मला नि बाबांना. एकदा मी विचारलं, आम्ही तुझं काय घोडं मारलंय? तू शांतपणे म्हणालीस, "आपल्यांना कमी दिलं तर ती कुठे जाणार आहेत?" बाबा दिवसभर हसत होते. मीही तेव्हा हसलेच होते.

सही करायच्या आधी तू घरी आली होतीस. या बाजूला काम होतं, जाता जाता डोकावले, म्हणालीस. अगं, सहज डोकावणारी माणसं दारातूनच आईच्या छातीकडे टक लावून बघत नाहीत. मी शिवणयंत्रावर बसले होते. तू खुर्ची ओढून समोर बसलीस आणि इकडचं तिकडचं विचारत राहिलीस. पलंग खाली का आणलास, तर मी म्हटलं जिन्याचा कंटाळा. शाळेच्या गणवेशांचं काम का सोडलंस, तर मी म्हटलं डोळे. मग तू एकदम आवाज उतरवून म्हणालीस, "आई, तुला दम लागतो का? खरं सांग." मी म्हटलं, "मला काय धाड भरलीय?" आणि यंत्राच्या मोटारीचं पेडल पायाने दाबून धरलं. घरभर खडखडाट. यंत्र थांबेल म्हणून तू वाट बघितलीस, ते थांबेना, तेव्हा माझ्या केसांवरून हात फिरवून निघालीस. दारात वळलीस तेव्हा चेहरा हलका झालेला दिसला. तो तसा बघून मला किती बरं वाटलं, आणि तू कोपऱ्यावरून वळल्यावर मी किती रडले, ते तुला आज पहिल्यांदा सांगतेय.

आता हे सगळं कशासाठी, ते सांगते. गुरुवारी तुला इस्पितळातून फोन येईल. बाबांना होतं तेच मला झालंय आणि बरंच पुढे गेलंय. पुढची तपासणी गुंगी देऊन करायची आहे, त्याला घरचं माणूस लागतं, म्हणून मी तुझा नंबर दिला. फाईलवरच्या तारखा तू बघशीलच, तेव्हा आधी माझ्याकडून ऐक. सुनावणीच्या आधीपासून मला माहीत होतं. उठून बोलायला लागले असते तर माझा दम सगळ्यांना ऐकू गेला असता, म्हणून उठले नाही. तू विचारलंस तेव्हा खोकल्याची उबळ आली होती, ती झाकायला यंत्र चालवलं. सुईत दोरासुद्धा नव्हता. सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस, ठमे? डबा चालू ठेवायला सही केली असतीस तर आईसाठी केली म्हणून जन्मभर स्वतःला खात बसली असतीस, आणि बंद करायला केली असतीस तर आईचं माहीत असून केली म्हणून. तुला दोन्हीकडून कोंडायचं माझ्या जिवावर आलं. बरोबर केलं की चूक, मला ठाऊक नाही. तुझ्या अहवालातल्या त्या आकड्यात मी आहे, पण मला तिथे तू घातलेलं नाहीस, मी आधीच तिथे जाऊन बसले होते. धुरांडं आजच थांबलं असतं तर काही फरक पडला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, थोडा. थोडा म्हणजे किती ते मी विचारलं नाही, तूही विचारू नकोस. हे सगळं धीराने लिहायचं ठरवलं होतं, पण मला भीती वाटते गं, फार वाटते. माफी मागायला येऊ नकोस, सही मागे घ्यायच्या गोष्टी बोलायला येऊ नकोस. गुरुवारची वाट न बघता ये, आणि आल्यावर माझ्याजवळ बसून राहा.

वाट बघणारी,
तुझीच
आई